वाक्यातली बाई

२ जानेवारी, गुरुवार

एक गंभीर तक्रार नोंदवून वर्षाचा आरंभ करतो. ऑफिसने दिलेल्या नव्या डायरीत पानाला अठरा ओळी आहेत. मागच्या वर्षी बावीस होत्या. चार ओळींचा हा अपहार कोणी केला याचा तपास करता असं आढळलं, की पानाच्या माथ्यावर जिथे तिथी, नक्षत्र आणि सूर्योदय असायचा तिथे आता निळी चौकट काढून 'आजचा इंग्रजी शब्द' छापला आहे. आज पौष शुद्ध तृतीया आहे, हे डायरीला सांगावंसं वाटत नाही. ती सांगते, 'एफर्व्हेसंट'. अर्थ, बुडबुडे येणारा. सत्तावीस वर्षं या वर्तमानपत्रात इतवारीच्या धान्यबाजारापासून रामटेकच्या जत्रेपर्यंत सगळं लिहिलं. कोणाला बुडबुडे आल्याचं लिहायची वेळ कधी आली नाही.

चौकटीमागे कारस्थान आहे. आमचे नवे संपादक दुर्गेशसाहेब, वय वर्षे चौतीस, यांनी आज सगळ्या वार्ताहरांना खोलीत बोलावलं. वर्तमानपत्र इंग्रजी वेबसाइट काढणार, तेव्हा प्रत्येकाचं शब्दभांडार 'ॲडव्हान्स्ड' हवं. पाचशे शब्द. तीन फेब्रुवारीला परीक्षा. नापासांचं काय, असं मार्तंडने विचारलं. मार्तंड आमचा फोटोग्राफर. शब्दांशी देणंघेणं नाही म्हणून निर्भय. साहेब म्हणाले, "लेट्स नॉट बी निगेटिव्ह." म्हणजे नापासांचं काहीतरी होणार आहे.

बाहेर आल्यावर मार्तंड म्हणाला, "तुमचं काय गा मनोहरराव, तुम्ही तर संस्कृतवाले. इंग्रजी म्हणजे संस्कृतची नातच ना?"

"लांबच्या नात्यातली," मी म्हटलं. "लग्नाकार्यात दिसते, ओळख देत नाही."

५ जानेवारी, रविवार

जरीपटक्यात साड्यांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर एक क्लास आहे. जिना चढताना खालचा शेठ हटकतो, "काकाजी, साडी दिखाऊं?" वर सुशील सर. वय सत्तावीस. केस उभे. वर्गात सतरा मुलं-मुली, सगळी कॅनडाला निघालेली. मी एकटा कुठेही न निघालेला.

"अंकल, फ्लॅशकार्ड बनवायचे," सर म्हणाले. "मराठीत ट्रान्सलेट नाही करायचं. इंग्लिशमधेच सोचायचं."

मी म्हटलं, सोचतो.

घरी येऊन मनाशी ठरवलं की कार्डं आमच्याच्याने होणार नाहीत. आठव्या वर्षी वडिलांनी मला रामटेकच्या पाठशाळेत नेऊन बसवलं, एक तरी पोरगा धानाच्या चिखलातून वर यावा म्हणून. तिथे गुरुजींनी सगळं श्लोकात बांधून डोक्यात घातलं. शब्द छंदात बसला की पळत नाही. ते कुंपण आहे. इंग्रजी शब्दांनाही तेच कुंपण घालणार. सुशील सर सोचत राहोत.

७ जानेवारी, मंगळवार

सकाळी अंगणात पाठ म्हणत फिरत होतो. शामला म्हणाली, "अवो, शेजारच्या यमुताई विचारून राहिल्या, भाऊजींनी कोणाची शांत केली का म्हणून. हे काय पुटपुटून राहिले?"

"इंग्रजी."

"मंग पोरीले विचारा ना! येम्मे झाली थे इंग्रजीत. त्या पोट्ट्याच्या क्लासले काहून जाता?"

बायको रामटेकजवळच्या खेड्यातली, चौथी शिकलेली; तिच्या सूचनेत दम असतो हे मी तिच्यासमोर मान्य करत नाही. दुपारी मुग्धाला फोन लावला. मुग्धा आमची एकुलती एक. लग्नाला दोन वर्षं झाली, गुरुग्रामला चौदाव्या मजल्यावर राहते. जावई ऋषिकेश कॉम्प्युटरवर घरूनच काम करतो. ती इथे कॉलेजात शिकवायची. तिकडे गेल्यावर सोडलं, गरज नाही म्हणून. आम्ही बोलतो ते दर रविवारी, व्हिडिओवर. आज मंगळवारी फोन पाहून दचकलीच.

"बाबा? काय झालं?"

परीक्षेचं सांगितलं. हसली. मग म्हणाली, "मी रोज एक शब्द पाठवते. सोबत वाक्य. तुम्ही वाक्य नीट वाचाल?"

"वाक्य कशाला, शब्द पुरे."

"नाही बाबा. शब्द कोशात सापडतो. वाक्य वाचायचं."

मागून ऋषिकेशचा आवाज आला, कोण आहे म्हणून. "बाबा आहेत, इंग्लिश शब्दांचं विचारताहेत," ती म्हणाली आणि फोन स्पीकरवर टाकला. फोन त्यांच्याकडे नेहमी स्पीकरवरच असतो; दोघंही एकदम बोलतात. असं एकजीव जोडपं हल्ली दिसत नाही. जावयाने माझ्या अभ्यासाला शुभेच्छा दिल्या. फार नम्र मुलगा. दिवाळीला येणं जमलं नाही म्हणून त्याने तेव्हाही तीनदा क्षमा मागितली होती.

९ जानेवारी, गुरुवार

पहाटे पाच चाळीसला पहिला शब्द आला. रेटिसंट, म्हणजे अबोल. वाक्याचा अर्थ असा: 'आईने विचारलं की ती अबोल व्हायची, आईला वाटायचं, मुलगी मोठी झाली.' खाली, 'बाबा, वाक्य वाचलं का?'

वाचलं. बरं आहे. फक्त रडकं आहे. मी उत्तर पाठवलं: "वाचलं. तुझ्या वाक्यातल्या बाईला तोंड दिलंय ना देवाने?"

व्याकरणाच्या उदाहरणांत देवदत्त नावाचा एक गृहस्थ असतो. देवदत्त गावाला जातो. देवदत्त भात शिजवतो. पाठशाळेत सहा वर्षं मी या माणसाच्या संगतीत काढली. तो गावाला पोचला का, भात खाल्ला का, हे आम्हा बेचाळीस पोरांपैकी एकानेही कधी विचारलं नाही. क्रियापद सुटलं की देवदत्त सुटला. उदाहरणातल्या माणसाची चौकशी करायची नसते. मुग्धाने देवदत्ताच्या जागी एक बाई घेतलीय, एवढाच फरक. काळ बदलला.

११ जानेवारी, शनिवार

प्लॅकेट. समजूत काढणे, राग शांत करणे. वाक्य: 'तो खोलीतून बाहेर यायच्या आधीच ती त्याची समजूत काढायला लागायची; कशाबद्दल ते नंतर कळायचं.'

कारणाच्या आधी कार्य! तर्कशास्त्रात असल्या बाईला पहिल्याच पानावर बाहेर काढतील. तसं लिहून पाठवलं. तिने उत्तरात एक हसरा चेहरा पाठवला.

आज ऑफिसात मार्तंडने मजा केली. चार बातम्यांवरची नावं बोटाने झाकून विचारलं, कोणी लिहिल्या. मी चारी ओळखल्या, प्रत्येकी दोन ओळींत. माणूस नाव बदलेल, दाढी काढेल. त्याचं वाक्य त्याला पकडून देतं. "हे मात्र मानलं गा तुम्हाला," मार्तंड म्हणाला. दुर्गेशसाहेब जवळून गेले. त्यांना हे कौशल्य कोणत्या रकान्यात टाकावं ते कळलं नसावं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शामलाने तिळगुळाचा डबा आठ दिवस आधीच गुरुग्रामला पाठवलाय. मागच्या फेब्रुवारीत ती स्वतः गेली होती. कुंडीतलं रोप मांडीवर घेऊन अठरा तास बसून गेली. टीसीने तिकीट विचारलं तेव्हा दोघांचं आहे म्हणाली. आठ दिवसांसाठी गेली आणि चौथ्या दिवशी परत. विचारलं तर म्हणे, "मले करमलं नाही तिथं." चौदाव्या मजल्यावर चौथी शिकलेल्या माणसाला कसं करमणार!

आजचा शब्द फसाड. इमारतीचा दर्शनी भाग. वाक्य: 'दर रविवारी दर्शनी भागाला नवा रंग लागतो, आतल्या भिंती कोणी पाहायला मागत नाही.' मी लिहिलं: "दर रविवारी रंग? ठेकेदार नक्की कोणाचा तरी भाचा असणार. चौकशी लावा."

यावर हसरा चेहरा आला नाही. सणाच्या गडबडीत असेल.

१६ जानेवारी, गुरुवार

प्रोव्हिन्शियल. गावंढळ. हा शब्द मला फार आवडला, कारण दुर्गेशसाहेब माझ्याकडे पाहतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत तोच असतो. आज नाव कळलं.

वाक्य: 'त्याला पानांचा वास गावंढळ वाटला, म्हणून तिने झाड उचलून कपडे धुण्याच्या यंत्रामागे ठेवलं; तिथे ऊन येत नाही.'

मी कळवलं, बातमी अर्धवट आहे. कसलं झाड? वाचकाच्या मनात पहिला प्रश्न तोच येतो.

तिने लिहिलं: "आईला विचारा."

आईचा इथे काय संबंध? शामलाला व्याकरणात ओढायला नको. शिवाय ती यमुताईंकडे हळदीकुंकवाला गेली होती. राहून गेलं.

१८ जानेवारी, शनिवार

आज मात्र कथानकाला गती आली. क्लँडेस्टाइन, म्हणजे चोरून केलेलं. वाक्य: 'तिने एक पिशवी चोरून भरली आणि पिठाच्या डब्यामागे ठेवली, दोन साड्या, पदवीचं प्रमाणपत्र आणि एक जुनी किल्ली.' खाली नेहमीचं, 'बाबा, वाक्य वाचलं का?' आणि त्याच्याखाली पुन्हा एकदा, 'वाचलं का?'

"वाचलं, वाचलं," मी लिहिलं. "पीठ सांडू नको म्हणावं बाईला."

सकाळच्या फेरीत एक श्लोकही जमून गेला. छंदात एक मात्राही इकडची तिकडे नाही:

रेटिसंट अबोलासी, प्लॅकेट समजावणे।
फसाड दर्शनी भाग, क्लँडेस्टाइन चोरटे॥

गुरुजी असते तर छडी मारून पाठ थोपटली असती. क्लासात म्हणून दाखवला. कॅनडावाल्या पोरींनी मोबाइलवर घेतला. सुशील सर म्हणाले, "अंकल, ये तो रॅप है." मी त्यांना क्षमा केली.

१९ जानेवारी, रविवार

व्हिडिओवर बोलणं झालं. मुग्धा वाळल्यासारखी दिसली. शामलाने विचारलं, "जेवून राहिली ना वं बराबर?" ती म्हणाली, "हो गं आई, सगळं छान आहे." केस नवे कापलेत.

मग ती चहा ठेवायला आत गेली आणि जावई समोर आला. माझा अभ्यास कसा काय म्हणून त्याने आपणहून चौकशी केली. कोण करतं हल्ली! मी म्हटलं, "तुमच्या बायकोच्या कृपेने चाललंय. वाक्यं मात्र फार रडकी घालते हो."

"असं? मी तिचे मेसेज बघतो, पण ते वर्डबिर्ड कधी बघत नाही."

नवरा-बायकोत पडदा नाही, ही चांगलीच गोष्ट. मी त्याला सगळी मालिका ऐकवली. अबोल बाई. कारणाआधीची समजूत. रविवारचा रंग. झाड. तो हसत होता. मला चेव आला. "आणि आता तर बाईने पिशवीच भरली!"

"कसली पिशवी, बाबा?"

"अहो, पिठाच्या डब्यामागची! दोन साड्या, प्रमाणपत्र, किल्ली. पुढच्या आठवड्यात पळते बहुतेक!"

तो खूप हसला. "मी सांगतो तिला, जरा आनंदी वाक्यं पाठव म्हणून." तेवढ्यात मुग्धा चहा घेऊन आली. ट्रे हातात धरून उभीच राहिली. त्याने फोन बंद करायच्या आधी अदबीने नमस्कार केला.

शामला म्हणाली, "तुम्ही बोलले लय. मले बोलूच नाही दिलं."

२२ जानेवारी, बुधवार

दोन दिवस शब्द नव्हता. आज आला, सकाळी दहा वाजता. 'गुड मॉर्निंग बाबा. बेनेव्होलंट. दयाळू. दयाळू पती आपल्या पत्नीच्या सर्व गरजा पूर्ण करतो.'

जावयाने शब्द पाळला म्हणायचा. वाक्य स्वच्छ आहे. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळे आपापल्या खुर्चीवर. जरा सोसायटीच्या सूचनाफलकासारखं वाटतं, पण परीक्षेला हेच चालतं. मी लिहिलं: "शाब्बास! सुधारणा आहे."

२५ जानेवारी, शनिवार

'गुड मॉर्निंग बाबा. हार्मोनिअस. सुसंवादी. सुसंवादी कुटुंबात अनावश्यक बोलण्याला जागा नसते.'

आता वेळेवर दहाला येतात. पहाटेचा तो घोर गेला. शब्दही परीक्षेच्या बेताचे. क्लासात आज माझे चाळीसपैकी सदतीस आले. सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या. फक्त एक झालं: एखादा शब्द सुटा विचारला की मला आख्खा श्लोक पहिल्यापासून म्हणावा लागतो, तेव्हा तो हाती लागतो. शेजारची खुशी नावाची मुलगी म्हणाली, "अंकल, तुमचा बफर होऊन राहिला." कॅनडाचं भवितव्य कठीण आहे.

उद्याच्या रविवारी फोन नाही. त्यांच्याकडे पाहुणे आहेत, असं ऋषिकेशने कळवलं.

३१ जानेवारी, शुक्रवार

दुपारी अंगणात शामला तुरीच्या शेंगा सोलत होती. मी समोर बसून शब्द घोकत होतो. श्लोकात प्रोव्हिन्शियल कुठे बसेना. त्या वैतागात ते झाड आठवलं.

"अवं, मुग्धाने तुला एक विचारायला सांगितलं होतं. पंधरा दिवस झाले, विसरलोच."

"काय?"

"तिच्या वाक्यात एक बाई आहे. नवऱ्याला पानांचा वास आवडत नाही म्हणून झाड कपडे धुण्याच्या मशीनमागे नेऊन ठेवते. मी विचारलं, कसलं झाड, तर म्हणे आईला विचारा."

शामलाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"कढीपत्ता," ती म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

"मी नेला होता ना! मांडीवर. जावई पहिल्याच दिवशी म्हणाले, आई, याचा वास सगळ्या घरात येते. मी म्हटलं, बाप्पा, फोडणीचा वास नाही तर कायचा यील घरात? मंग ते बोलले नाही. मुग्धाच्या तोंडाकडे पाहात राहिले. नुसतं पाहात राहिले. अन् पोरगी थरथर कापून राहिली होती वो, हातातली पळी वाजत होती." तिने सूप खाली ठेवलं. "तिथं मी चार दिवसांच्या वर राहू नये, असं तिनंच मले सांगतलं. मी तुम्हाले म्हटलं, करमलं नाही. तुम्ही हसले."

मी हसलो होतो. चौदा तारखेच्या पानावरही पुन्हा हसलोय.

"अजून काय लिवलं त्या बाईनं?" ती म्हणाली. "मले सगळं वाचून दाखवा. मराठीत."

मी फोन काढला आणि पहिल्यापासून वाचलं. मोठ्याने, आमच्या अंगणात, आमच्या भाषेत. आईने विचारलं की ती अबोल व्हायची. शामलाने डोळे मिटले. तो खोलीतून बाहेर यायच्या आधीच. दर रविवारी रंग. दर रविवारी. पिशवीपाशी येऊन थांबलो.

"पुढं?"

"पिठाच्या डब्यामागे ठेवली," मी म्हटलं.

"किल्ली आपल्या घराची आहे," शामला म्हणाली. "लग्नात तिनं मांगून नेली होती. मी म्हटलं, काहून वं, आम्ही दार लावून बसणार हावो का तुले? तर म्हणे, राहू दे."

तिला पुढचं ठाऊक नव्हतं. त्या दिवशी ती शेजारीच बसली होती, पण मी जावयाला सांगत होतो ते तिला माझी नेहमीची ऑफिसातली गंमत वाटली असणार. सांगावं लागलं. ती रागावली नाही. उठून आत गेली आणि कपाटावरची बॅग खाली काढल्याचा आवाज आला.

फोन लावला. ऋषिकेशने उचलला. मुग्धा झोपलीय म्हणाला. दुपारचे चार वाजले होते. उठवा म्हटलं. "बाबा, तिला जरा विश्रांतीची गरज आहे. सगळं छान आहे."

१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी दहा. 'गुड मॉर्निंग बाबा. ग्रॅटिट्यूड. कृतज्ञता. तिला आता कृतज्ञतेचं महत्त्व कळलं आहे.'

चार बातम्यांवरची नावं झाकली तरी ओळखणारा मी. बावीस तारखेपासूनची ही सगळी वाक्यं माझ्या मुलीची नाहीत, हे मला आज कळलं. ती पहाटे पाच चाळीसला लिहायची, कोणी उठायच्या आत. 'वाक्य वाचलं का' हे रोज विचारायची. दहाच्या ठोक्याला पूर्ण झोप झालेला माणूस लिहितो. मी त्याला शाब्बास म्हटलं, सुधारणा आहे म्हटलं.

दिल्लीत विश्वनाथ आहे, आमच्याच वर्तमानपत्रात होता. त्याला गुरुग्रामला पाठवलं. दुपारी त्याचा फोन आला. फाटकावरच्या माणसाने वर विचारलं आणि सांगितलं, साहेब म्हणतात आज भेटता येणार नाही. विश्वनाथने त्याला बाजूला घेऊन विचारलं, बाई ठीक आहेत का? तो म्हणाला, मॅडम दहा-बारा दिवसांत खाली आल्याच नाहीत. विश्वनाथ तिथल्या पोलीस चौकीत जाऊन बसलाय. ते म्हणतात, मुलीच्या आईवडिलांना येऊ द्या.

दुर्गेशसाहेबांना कळवलं, सोमवारी परीक्षेला येत नाही. "मनोहरजी, धिस इज अ क्रिटिकल जंक्चर," ते म्हणाले. मी म्हटलं, हो, तसंच आहे. त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच नेमका शब्द निघाला.

संध्याकाळी मार्तंड मोटरसायकलवर आला. त्याने कुठून तरी दोन बर्थ मिळवलेत. मी आभार मानायला लागलो तर म्हणाला, "बोलू नका गा आता. जा." फाटकाशी थांबून पुन्हा मागे आला. "फोटो लागले कशाचे, पुराव्यासाठी, तर मले बोलवा. मी येतो."

२ फेब्रुवारी, रविवार. गाडीत

डायरी सोबत आणली, का ते माहीत नाही. आज छापलेला शब्द वाचला नाही.

शामला समोर खिडकीशी बसलीय. मांडीवर पर्स, पर्समध्ये तिच्याकडची घराची किल्ली. सकाळपासून तिने एकदाच तोंड उघडलं. मी विचारलं, तुला मागच्या वर्षीच कळलं होतं तर मला का नाही सांगितलं? म्हणाली, "तुम्हाले सांगतलं की तुम्ही त्याची गंमत करता." मग बाहेर पाहत म्हणाली, "पोरगी तुमच्यावरच गेली. तिलेही वाटलं असंल, शब्दाचं काही असलं तर बाबा ऐकतील."

इटारसी गेलं. तोंडातल्या तोंडात तो श्लोक सुरू होतो, थांबवता येत नाही. रेटिसंट अबोलासी. छंदात एक मात्राही इकडची तिकडे नाही. चार शब्दांत तिने सगळं सांगितलं, मी ते ओळीने लावलं, चालीत म्हटलं, टाळ्या घेतल्या.

सत्तावीस वर्षं लोकांना विचारत आलो: कोण, कुठे, कधी, का. आणि 'कसलं झाड' एवढं विचारून थांबलो.

तिथे पोचल्यावर काय बोलायचं याची मी जुळवाजुळव करतोय. पोलिसांशी, जावयाशी. ते जमेल, त्याची भीती नाही. ती आमच्याबरोबर येईल की नाही, याचीही तेवढी नाही. शामला तिला सोडून येणार नाही, हे मला तिच्या बसण्यावरून दिसतंय.

भीती एकाच गोष्टीची आहे. त्या रविवारी फोन बंद झाल्यावर तो स्वयंपाकघरात गेला असेल. पिठाचा डबा त्याने बाजूला केला असेल. त्यानंतर त्या घरात काय झालं, हे मला माहीत नाही. आणि तो डबा त्याला मी दाखवला.